गोलघुमटाच्या गावी

(विजापूर हे कर्नाटक राज्यातील एक ऐतिहासिक शहर आहे. ते आदिलशाहीच्या राजधानीचे शहर होते. मालेगावचे एक पती-पत्नी हे शहर पाहायला जातात. तेथे त्यांनी काय पाहिले आणि कसे पाहिले, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी अनोळखी गावाला गेला आहात का? तेथे आपल्याला कोणी ओळखत नाही. रस्ते माहीत नसतात. दुकानांवरच्या पाट्याही कधी कधी वाचता येत नाहीत. अशा वेळी थोडी भीती वाटते आणि मजाही वाटते. आज आपण अशाच एका गावाला जाऊ या. आपल्याबरोबर मालेगावचे एक पती-पत्नी आहेत. त्यांना आपण मामू आणि मुमानी म्हणू.

मामूंनी तीस वर्षे यंत्रमागावर काम केले. यंत्रमागांचा खडखडाट तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. कारखान्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ओरडून सांगावे लागते. त्या आवाजाने हळूहळू मामूंना कमी ऐकू येऊ लागले. घरी मुमानी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत, तीही मोठ्याने. "हळू कसे बोलायचे, हेच मी विसरून गेले," असे त्या हसत म्हणत.

दोघे मिळून कधी फिरायला गेले नव्हते. आधी काम होते, मग मुलांची शिक्षणे होती. या वर्षी धाकट्या मुलाने त्यांना तिकिटे काढून दिली. शाळेत असताना मामूंनी इतिहासाच्या पुस्तकात गोलघुमटाचे चित्र पाहिले होते. ते चित्र त्यांच्या मनात राहिले होते. म्हणून विजापूरला जायचे ठरले.

मनमाडहून रात्रीच्या गाडीने दोघे निघाले. अहमदनगर, दौंड ही स्टेशने झोपेतच मागे गेली. सोलापूरला उतरून त्यांनी एसटी धरली. सोलापूरपासून विजापूर सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी माती आणि ज्वारीची शेते होती. महाराष्ट्राची हद्द संपली आणि पाट्यांवरची अक्षरे बदलली. आता सगळीकडे कानडी लिपी दिसू लागली. इ. स. २०१४ पासून या शहराचे सरकारी नाव 'विजयपुर' असे आहे. महाराष्ट्रातले लोक मात्र अजून 'विजापूर'च म्हणतात. इ. स. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यातच होता.

मामू जरा काळजीत पडले. "इथे आपली भाषा कोणाला कळणार? आणि कोणी काही सांगितले, तर मला ऐकू कसे येणार?"

मुमानी म्हणाल्या, "तुम्ही वाचा. मी विचारते आणि ऐकते. दोघांचे मिळून काम भागेल."

स्टँडबाहेर एक टांगेवाला भेटला. तो दखनी बोलत होता. त्याची भाषा मुमानींना सहज कळली. तो म्हणाला, "दोन तासांत पंधरा ठिकाणे दाखवतो."

मुमानी म्हणाल्या, "घाई नको, भाऊ. आमच्याजवळ दोन दिवस आहेत. थोडीच ठिकाणे पाहू; पण नीट पाहू."

टांगेवाला हसून म्हणाला, "नक्को तो नक्को!"

मुलांनो, हा 'नक्को' शब्द नीट ऐका. तो मराठीतल्या 'नको'चाच भाऊ आहे. दखनी भाषेने तो मराठीकडून घेतला. मराठीनेही फारसीकडून पुष्कळ शब्द घेतले. इमारत, दरवाजा, बुरूज, कमान, हौद हे सगळे शब्द आपण रोज वापरतो. आदिलशाहीच्या कारभारात फारसीबरोबर मराठीही लिहिली जात असे. शेजारी राहणाऱ्या भाषा अशी देवाणघेवाण करतच असतात.

टांगा आधी शहराच्या पश्चिमेला गेला. तेथे इब्राहिम रोजा आहे. एका उंच चौथऱ्यावर दोन सुंदर इमारती समोरासमोर उभ्या आहेत. एक मकबरा आहे आणि दुसरी मशीद. मकबऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार सडपातळ मिनार आहेत. दुसरा इब्राहिम आदिलशहा आणि त्याच्या घरातील माणसे येथे विसावली आहेत. मलिक संदल हा या इमारतीचा वास्तुकार होता.

मामू भिंतीजवळ गेले आणि थक्क झाले. भिंतींवर दगडात कोरलेली नक्षी आणि अक्षरे होती. काही खिडक्यांची जाळी तर अक्षरांचीच बनलेली होती. कारागिराने दगड असा कापला होता, की अक्षरे उभी राहिली आणि अक्षरांमधून उजेड आत आला. मामूंनी आयुष्यभर कापड विणले होते. ते म्हणाले, "हा दगड कोरलेला वाटत नाही. उभे-आडवे धागे घेऊन विणल्यासारखा वाटतो." मग ते एकेका शब्दावर बोट दाखवून वाचू लागले. मुमानी शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या.

हा इब्राहिम आदिलशहा इ. स. १५८० मध्ये गादीवर आला. तेव्हा तो लहान मुलगा होता. पुढे तो संगीताचा मोठा जाणकार झाला. त्याने दखनी भाषेत 'किताब-ए-नौरस' हे गीतांचे पुस्तक लिहिले. त्यात गुलबर्ग्याचे सूफी संत बंदेनवाज गेसूदराज यांची स्तुती आहे. त्यातच सरस्वती आणि गणपती यांचीही स्तुती आहे. लोक या राजाला 'जगद्गुरू' म्हणत. इ. स. १६२७ मध्ये तो वारला.

परत येताना टांगा शेर्झा बुरुजापाशी थांबला. बुरुजावर 'मलिक-ए-मैदान' नावाची प्रचंड तोफ आहे. मलिक-ए-मैदान म्हणजे मैदानाचा राजा. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. तोफेचे तोंड एखाद्या हिंस्र पशूच्या जबड्यासारखे उघडे आहे आणि त्या जबड्यात एक हत्ती सापडला आहे. ही तोफ इ. स. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे. मामू-मुमानींची गाडी रात्री त्याच शहरातून आली होती! नंतर ही तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती. तेथून ती विजापूरला आणली गेली. पुढे इंग्रजांच्या काळात, इ. स. १८५४ मध्ये, तिचा लिलाव झाला. तिला फक्त १५० रुपये किंमत आली. सुदैवाने ती विक्री रद्द झाली आणि तोफ जागेवरच राहिली.

टांगेवाल्याने तोफेवर हळूच टिचकी मारली. घंटेसारखा नाद झाला.

"ऐकलेत का?" मुमानींनी विचारले.

मामूंनी नकारार्थी मान हलवली आणि ते दुसरीकडे पाहू लागले. मुमानी काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी ताज बावडी पाहिली. ही मोठी विहीर मलिक संदलने इ. स. १६२० मध्ये बांधली. दाराला एक रुंद कमान आहे आणि कमानीच्या दोन्ही बाजूंना बुरूज आहेत. विजापूरच्या भागात पाऊस कमी पडतो. एवढ्या मोठ्या शहराला पाणी कसे मिळत असे? बाहेरच्या तलावांचे आणि झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणले होते. नळांतील पाण्याचा दाब फार वाढला, तर नळ फुटतात. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे बांधले होते. त्यांना 'गंज' म्हणत. तेथे पाण्याचा दाब कमी होत असे. राजवाडे आपण कौतुकाने पाहतो. पण हे गंज नसते, तर राजवाड्यात राहणाऱ्यांना पाणीही मिळाले नसते.

रात्री खानावळीत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आली. मुमानी म्हणाल्या, "पाट्या वाचता येत नाहीत, पण भाकरी मात्र ओळखीची आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दोघे गोलघुमटाकडे निघाले. दुरूनच तो प्रचंड घुमट दिसू लागला. मामूंच्या पुस्तकातले चित्र आता त्यांच्यासमोर उभे होते.

गोलघुमट हा मुहम्मद आदिलशहाचा मकबरा आहे. या राजाने इ. स. १६२७ ते १६५६ पर्यंत राज्य केले. इमारतीची उंची ५० मीटरपेक्षा जास्त आहे. घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. जगातील मोठ्या घुमटांत त्याची गणना होते. आत एकच विशाल दालन आहे आणि त्यात घुमटाला आधार देणारा एकही खांब नाही.

मग एवढा मोठा घुमट उभा कसा राहिला? तुम्ही एका चौकोनी डब्यावर गोल वाटी उपडी ठेवून पाहा. वाटीचा काठ चारही कोपऱ्यांवर टेकत नाही. येथेही दालन चौकोनी आहे आणि घुमट गोल. कारागिरांनी भिंतींवर आठ मोठ्या कमानी अशा उभारल्या, की त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे वर जाता जाता चौकोनाचे कोपरे भरत गेले आणि गोल घुमटाला बसायला जागा झाली. घुमटाचे वजन या कमानींवरून जाड भिंतींवर उतरते.

इमारतीच्या चार कोपऱ्यांवर सात मजल्यांचे चार मनोरे आहेत. त्यांच्या आतील अरुंद जिन्याने वर जाता येते. मामू-मुमानी थांबत थांबत वर गेले. वर घुमटाच्या आतल्या बाजूने गोलाकार सज्जा आहे. लोक त्याला कुजबुजणारा सज्जा म्हणतात.

सज्ज्यात एका शाळेची सहल आली होती. मुले टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या मारत होती, एकमेकांची नावे घेऊन ओरडत होती. प्रत्येक आवाज सात-सात वेळा घुमत होता. एक आवाज संपण्याआधी दुसरा सुरू होत होता. त्या गोंगाटात मामूंना काहीच कळेना. ते मुमानींच्या कानाशी येऊन म्हणाले, "हा तर आपला कारखानाच झाला. चल, खाली जाऊ."

मुमानी म्हणाल्या, "जरा थांबा."

त्या मुलांकडे गेल्या. मुले कानडी बोलणारी होती. मुमानींना कानडी येत नव्हते. त्यांनी तोंडावर बोट ठेवले, मग लांब उभ्या असलेल्या मामूंकडे हात केला आणि आपल्या कानाला हात लावला. मुलांच्या बाईंना सारे समजले. त्यांनी कानडीत मुलांना दोन शब्द सांगितले. मुले भिंतीला टेकून खाली बसली. एवढ्या मोठ्या घुमटात एकदम शांतता झाली.

मुमानी सज्ज्यातून चालत समोरच्या बाजूला गेल्या. मामू या टोकाला होते आणि मुमानी त्या टोकाला. मध्ये खोल दालन होते. मामूंनी भिंतीला कान लावला. मुमानी भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, खाली गेल्यावर चहा घेऊ या का?"

मामू दचकले. त्यांनी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. त्यांनी पुन्हा भिंतीला कान लावला. मुमानींनी तेच वाक्य तितक्याच हळू म्हटले.

"घेऊ या," मामू भिंतीला म्हणाले, "पण साखर कमी!"

ही दोन्ही वाक्ये सज्ज्यातल्या मुलांनीही ऐकली. भाषा कळली नाही, तरी 'चहा' शब्द कळला. सगळी मुले खळखळून हसली आणि त्यांचे हसणे घुमटात कितीतरी वेळ फिरत राहिले. मामू मात्र लगेच उठले नाहीत. ते बराच वेळ भिंतीला कान लावून बसले होते.

मुलांनो, ही जादू नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मोकळ्या मैदानात तो चारही बाजूंना पसरतो आणि दुबळा होतो. पण गोल भिंतीजवळ हळू बोलले, तर आवाज भिंतीच्या कडेकडेने, वारंवार परावर्तित होत पुढे सरकतो. तो फारसा विखुरत नाही. म्हणून समोरच्या टोकाला तो स्पष्ट ऐकू येतो. टाळीचा आवाज समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येतो. ३८ मीटर जायला आणि ३८ मीटर यायला त्याला पाव सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ लागतो. दोन आवाजांत एक दशांश सेकंदाचे अंतर असले, तरी आपल्या कानाला ते वेगळे ऐकू येतात. म्हणून येथे प्रतिध्वनी इतका स्पष्ट असतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोंगाट असला, तर हळू बोललेले येथेही ऐकू येत नाही. घुमट राजाने बांधला, कारागिरांनी उभा केला. पण त्या दिवशी मामूंना ऐकू आले, ते त्या शाळेतील मुले गप्प बसली म्हणून.

दुपारी दोघे जामा मशिदीत गेले. पहिल्या अली आदिलशहाने ती बांधायला सुरुवात केली. मशिदीच्या जमिनीवर प्रत्येक नमाजीसाठी एकेक चौकट आखलेली आहे. अशा दोन हजारांहून जास्त चौकटी आहेत. मामूंनी तेथे जोहरची नमाज अदा केली. नंतर त्यांनी बारा कमान पाहिली. दुसऱ्या अली आदिलशहाचा हा मकबरा पूर्ण झालाच नाही. छत नसलेल्या काळ्या दगडाच्या कमानी तेवढ्या उभ्या आहेत. इ. स. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि आदिलशाही संपली.

मामू-मुमानींनी विजापुरातील सगळी ठिकाणे पाहिली नाहीत. गगन महाल राहिला, उपळी बुरूज राहिला, असर महालही राहिला. पण जे पाहिले, ते त्यांना नीट आठवते.

तुम्हीही कधी सहलीला जाल. तेव्हा किती ठिकाणे पाहिली, याची मोजणी करू नका. एकाच ठिकाणी थोडा वेळ थांबा. ते कोणी बांधले, कशासाठी बांधले, कसे बांधले, हे विचारा. भाषा येत नसली, तरी विचारायला लाजू नका. भिंतींवर आपली नावे लिहू नका. गोलघुमटाला साडेतीनशेहून जास्त वर्षे झाली आहेत; त्यावर मुहम्मद आदिलशहाच्या कारागिरांचे काम पुरेसे आहे. आणि तुमच्यासारखेच कोणी तेथे काही पाहायला, ऐकायला आले असेल, तर त्यांच्यासाठी थोडा वेळ शांत राहा.

शब्दार्थ

यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
खडखडाट – यंत्रांचा मोठा आवाज
हद्द – सीमा, सरहद्द
चौथरा – बांधलेली उंच, सपाट जागा
वास्तुकार – इमारतीची रचना करणारा, मेमार
नक्षी – वेलबुट्टी, नक्काशी
टिचकी – बोटाने मारलेला हलका ठोका
लिलाव – बोली लावून केलेली विक्री, नीलाम
दालन – मोठी खोली
सज्जा – भिंतीच्या कडेने असलेली चालण्याची जागा
परावर्तित होणे – आदळून मागे फिरणे
प्रतिध्वनी – परत ऐकू येणारा आवाज, सदा-ए-बाजगश्त

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामूंना कमी का ऐकू येत होते?
(आ) 'मलिक-ए-मैदान' या नावाचा अर्थ काय?
(इ) 'किताब-ए-नौरस' कोणी लिहिले?
(ई) गोलघुमट कोणाचा मकबरा आहे?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुमानींनी टांगेवाल्याला 'घाई नको' असे का म्हटले?
(आ) इब्राहिम रोजा पाहून मामू काय म्हणाले? त्यांना तसे का वाटले?
(इ) पाण्याच्या 'गंज' मनोऱ्यांचा उपयोग काय होता?
(ई) मुमानींनी मुलांना शांत राहायला कसे सांगितले?

प्रश्न ३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
कुजबुजणाऱ्या सज्ज्यातील प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा. मामू लगेच का उठले नसतील?

प्रश्न ४. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "दोघांचे मिळून काम भागेल."
(आ) "नक्को तो नक्को!"
(इ) "हा तर आपला कारखानाच झाला."

प्रश्न ५. वाक्यांत उपयोग करा.
थक्क होणे, काळजीत पडणे, ध्यानात ठेवणे, तोंडावर बोट ठेवणे.

प्रश्न ६. अनेकवचन लिहा.
इमारत, खिडकी, तोफ, विहीर, बुरूज, मनोरा.

उपक्रम : (१) मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे वीस शब्द गोळा करा. (२) तुमच्या गावातील एखाद्या जुन्या इमारतीला भेट द्या. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधली, हे मोठ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.